सतराव्या भागातली दुसरी शेजारीण

४ मार्च, सोमवार

आज काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. 'जिना चढून या' या जुन्या विनोदी मालिकेची 'भाग सतरा' असं लेबल असलेली दुसरी टेप सकाळी भट्टीतून काढली, गार होऊ दिली आणि डेकवर चढवली.
२. भाग सतराची पहिली टेप मागच्या आठवड्यातच झाली होती. ही तिचीच प्रत असणार असं धरून मी फक्त चित्राची पातळी बघत होते, गोष्ट नाही.
३. मध्यांतरानंतर मालिकेचा नायक, भाऊ, शेजारणीचं दार वाजवतो. दार उघडलं. आत शेजारीण नव्हती.
४. म्हणजे शेजारीण होती, पण आपली नव्हती. दुसरीच कोणी बाई होती.
५. टेप थांबवली. दोन्ही टेपांची लेबलं शेजारी ठेवून वाचली. हस्ताक्षर एकच, तारीख एकच.
६. ध्वनी विभागातल्या कानसेनला बोलावलं. त्याने पाहिलं आणि विचारलं, "अगं, ही कोण?"
७. माहीत नाही.

अहवालात साहेबांना एवढंच दिलं. 'मी दचकले' असं अहवालात लिहिता येत नाही, म्हणून ही वेगळी नोंद.

भट्टी म्हणजे फळं सुकवायचं साधं यंत्र. जुन्या टेपांवरचा लेप ओल धरतो, चिकट होतो आणि डेकमध्ये अडकून सोलला जातो. मंद उष्णतेत ठेवल्या की काही आठवडे त्या नीट चालतात. तेवढ्यात डिजिटल प्रत काढून घ्यायची. खरेदी विभागाने यंत्र आणताना विचारलं होतं की टीव्ही केंद्राच्या संग्रहालयाला नेमकी कुठली फळं सुकवायची आहेत.

मालिका सगळ्यांना माहीत आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा शेवटचा मजला. येणारा प्रत्येक माणूस इतका धापा टाकत येतो की पहिलं वाक्य कोणालाच धड बोलता येत नाही. एवढ्या भांडवलावर ती चार वर्षं चालली. त्यातली समोरच्या दारातली शेजारीण, जाड काचांचा चष्मा आणि बारीक डोळ्यांची ती जरब, इतकी गाजली की ते काम करणाऱ्या बाईंना लोक आजही रस्त्यात 'शेजारीणबाई' म्हणूनच हाक मारतात.

घरी आत्याने विचारलं, "आज काय भाजलंत?" इथे नोकरी लागल्यापासून मी आत्याकडे राहते. तिचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ती लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि रात्री मला बोलायला. भट्टीबद्दल सांगितल्यापासून माझी नोकरी म्हणजे स्वयंपाकच, असं तिने धरलं आहे.

"जिना चढून या. भाग सतरा."

"करपला?"

"नाही. दोन निघाले."

यावर ती काही बोलली नाही. एरवी माझं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू होतं.

५ मार्च, मंगळवार

साहेबांना टेप दाखवली. आम्ही त्यांना माघारी जागासाहेब म्हणतो, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं पहिलं उत्तर 'जागा कुठे आहे?' असतं. आज मात्र ते खुर्ची ओढून बसले.

"दुपारची फेरी आहे ही," ते म्हणाले. "तेव्हा प्रत्येक भाग एकाच दिवशी दोनदा करायचे. दुपारी आमच्यासारख्या नोकरांच्या घरच्यांसमोर, संध्याकाळी पाहुण्यांसमोर. प्रसारण संध्याकाळचं. दुपारची टेप दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा वापरायला. ही पुसायची राहिली. कोणाच्या तरी आळसाचे उपकार."

"म्हणजे हिची दुसरी प्रत कुठेही नाही."

"नसेल. पण जागा कुठे आहे?"

नियम त्यांनी पुन्हा समजावला. एका भागाची एकच प्रत कपाटात राहते. वेगळी आवृत्ती ठेवायची तर तिच्यातला प्रत्येक बोलणारा चेहरा ओळखलेला हवा आणि हयात असेल त्याची सही हवी. नाहीतर ती जादा प्रत. जादा प्रत रद्दीत आणि तिची डिजिटल नक्कलसुद्धा सर्व्हरवरून पुसायची. समिती २९ तारखेला बसते.

भाऊ, वहिनी आणि ऑफिसातला अधिकारी ही कामं करणारे आता नाहीत. त्यांच्या सह्या लागत नाहीत. प्रश्न एकाच चेहऱ्याचा आहे.

कानसेन म्हणाला, "मुलगी शोधायला निघालीस म्हणजे तू."

मी म्हटलं, ओळख पटवायला निघाले आहे. तो म्हणाला, तेच ते. तेच ते नाही.

७ मार्च, गुरुवार

प्रवेशाची सविस्तर नोंद केली. भाऊने ऑफिसात 'अंथरुणाला खिळलोय' असं कळवलं आहे. चौकशीला अधिकारी दारात. मग भाऊ खोटी मिशी लावून स्वतःचाच मोठा भाऊ होतो आणि पाहुण्याच्या चहासाठी शेजारणीकडे साखर मागायला जातो. तिने त्याला ओळखायचं नाही, एवढाच विनोद. संध्याकाळच्या आवृत्तीत, म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलेल्या, ती डोळे बारीक करून "कोण पाहिजे?" म्हणते, साखर देते, दार लावते. हशा मध्यम.

दुपारी असं झालं. दार उघडतं. मुलगी विशीतली, चष्मा नाही, हातात साखरेची वाटी. "कोण पाहिजे?" भाऊची मिशी एका बाजूने सुटून लोंबते आहे. त्याला पत्ता नाही, तो भारदस्त आवाजात आपली ओळख देतो आहे. मुलीला बहुधा नीट दिसत नाही, कारण ती एक पाऊल पुढे येऊन निरखून बघते, आणि मग तिला दिसतं. ती उजव्या कानाची पाळी ओढते. हसू दाबायला असावं. पुन्हा म्हणते, "कोण पाहिजे?" पाळी आणखी जोरात. तेवढ्यात मिशी वाटीत पडते. मुलगी वाटीत बघते, भाऊकडे बघते आणि अत्यंत गंभीरपणे विचारते, "साखर हवी होती, की हीच परत हवी आहे?"

हे वाक्य संहितेत नाही. मी तपासलं.

मग ती फुटते. अशी हसते की चौकटीला धरून खाली बसते. भाऊ आधी तोल सांभाळतो, मग तोही पायरीवर बसतो. प्रेक्षकांचा आवाज ध्वनिमापकाच्या लाल पट्ट्यात जाऊन तिथेच राहतो.

मीही हसले. नंतर प्रवेश तीन वेळा मागे घेऊन पाहिला. तपासणीसाठी.

रात्री जेवताना आत्या त्या टेपेबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होती आणि पुन्हा पुन्हा 'मला काय करायचंय' म्हणत होती. काय करता त्या जादा टेपेचं? पुसणार का? कोणी बघितली का? मी म्हटलं, तू तर ती मालिका लागली की उठून जातेस. "मला त्या बाईचा चष्मा बघवत नाही," ती म्हणाली. "नंबर चुकलाय." आणि कानाची पाळी ओढत भांडी आवरायला गेली. धंद्याची सवय सुटत नाही.

११ मार्च, सोमवार

मुलीचा चेहरा टेपेतून स्थिर चित्र म्हणून काढून छापला. जुन्या कर्मचाऱ्यांना दाखवायचा आहे. एक प्रत घरी आणली होती, ती जेवणाच्या टेबलावर राहिली. आत्याने तिच्यावर गरम पातेलं ठेवलं.

"आत्या, फोटो!"

"हो का? मला वाटलं बिल आहे."

बरोबर चेहऱ्यावर गोल डाग पडला आहे. आत्या इतकी निष्काळजी कधी नसते. दुकानात काचेवर कोणाचं बोट लागलं तरी तिला दिसतं. वय होत चाललं आहे, दुसरं काय. नवीन प्रत छापावी लागेल.

१३ मार्च, बुधवार

शेजारीणबाईंना भेटून आले. कानसेन बरोबर आला. त्याचं तिथे काम नव्हतं. त्याने सांगितलं की आवाजाचा संदर्भ लागेल. लागला नाही.

बाई दार उघडायला स्वतः आल्या आणि आम्हाला बघून डोळे बारीक केले. कानसेन नकळत एक पायरी खाली उतरला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या, "मी रागावलेली नाही. हा माझा चेहरा आहे."

फोटो त्यांनी डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "अशी दिसायची होय! मी हिला पाहिलंच नाही कधी. मी तिथे टायपिस्ट होते हो. संध्याकाळी कागद द्यायला खाली गेले, तर एकाने दंडाला धरलं आणि म्हणाला, साडी बदल. साडी तिचीच. आणि चष्मा पण."

"चष्मा?" मी विचारलं. "मुलीने तर चष्मा लावलेला नाही."

"प्रवेशासाठी काढायला लावला असेल. मेकअपच्या टेबलावर विसरून गेली होती. दिग्दर्शक म्हणाले, लाव हाच, शेजारीण शोभशील. मला त्यातून काही म्हणजे काही दिसेना! नंबर माझा नाही. समोरचा माणूस दिसावा म्हणून डोळे बारीक करत होते, आणि लोक म्हणायला लागले, काय जरब आहे. चार वर्षं त्या जरबेवर काढली मी. एकदा तर भाऊ समजून खांबाला झापलं."

कानसेन खुर्चीतून घसरायच्या बेतात होता. मी चष्म्याचा मुद्दा टिपून घेतला.

निघताना त्यांनी आपली सही लगेच दिली, गरज नसताना. "पोरीला शोधा," म्हणाल्या. "तिच्या चष्म्यावर मी आयुष्य काढलं. निदान एकदा म्हणू द्या मला, बाई गं, हा घे तुझा."

घरी आल्यावर आत्याला ही हकीकत सांगितली, कारण चष्म्याची होती. तिला हसू येईल असं वाटलं होतं. "वजा साडेतीन," ती म्हणाली. मी विचारलं, काय? म्हणाली, "अशा काचा. लांबून कळतात." आणि झोपायला गेली, जेवण अर्धं टाकून.

१८ मार्च, सोमवार

आठवडा वाया गेला. फोटो कोणीच ओळखत नाही. दुपारच्या फेरीतल्या कलाकारांची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. साहेब रोज एकदा येऊन कपाटाकडे बघून जातात.

एक गोष्ट मात्र सापडली. टेपेवर आवाजाचे दोन ट्रॅक असतात. पहिल्यावर कार्यक्रम. दुसरा रिकामा असायला हवा. तो रिकामा नाही. त्यावर कंट्रोल रूममधलं बोलणं आलं आहे, म्हणजे काचेपलीकडे दिग्दर्शक आपल्या माणसांशी बोलतो ते. रंगमंचावर ते ऐकू जात नाही. कोणीतरी चुकीच्या भोकात वायर खोचली असणार.

कार्यक्रम संपल्यावर चित्र काळं होतं, पण टेप फिरत राहिली आहे. मी टेप नेहमी शेवटापर्यंत चालवते. बाकीचे श्रेयनामावली आली की थांबवतात. उतरवून काढलं ते असं:

"साहेब, पोरगी हसतेय. थांबवू?"

"नका थांबवू! कोणी बटणाला हात लावला तर बघा. दोन नंबर कॅमेरा, तिच्यावर राहा. राहा तिच्यावर. अहाहा! अरे काय हसते ही!"

मग काळ्या चित्रावर:

"संध्याकाळी अगदी हेच पाहिजे. मिशी मुद्दाम सैल लावा. आणि त्या पोरीला पुढच्या भागात पण घ्या. लिहून घ्या तिला."

"साहेब, ती नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"गेली. मेकअप रूममधून. रडत होती म्हणे."

"कोणी ओरडलं का तिला?"

"नाही हो. कोणी काही बोललंच नाही तिच्याशी."

"अरे मग कोणीतरी बोला ना! हाक मारा तिला. नाव काय तिचं?"

इथे कोणी उत्तर देत नाही. टेप संपते.

कानसेन ऐकताना माझ्याशेजारी बसला होता. नंतर म्हणाला, "मला इतका वाईट शेवट झालेला विनोदी भाग माहीत नाही." मी म्हटलं, हा शेवट नाही, उरलेली टेप आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. काही बोलेल असं वाटलं. मी डेक साफ करायला घेतला.

२० मार्च, बुधवार

आज सुट्टी घेतली होती. अंघोळीला गेले असताना फोन वाजला तो आत्याने उचलला. बाहेर आले तर म्हणाली, "तुझा तो ध्वनी विभागातला दाढीवाला होता. मी 'कोण पाहिजे' म्हटलं तर ततपप करायला लागला, आणि ठेवून दिला. असा कसा गं?"

"कसा म्हणजे? सहकारी आहे."

"ते कळलं मला. आंधळी नाही मी."

काय कळलं ते सांगितलं नाही.

२१ मार्च, गुरुवार

ऑफिसात पाय ठेवताच कानसेनने विचारलं, "काल फोन कोणी उचलला?"

"आत्याने."

"बस खाली."

"का?"

"बस म्हणतो ना, मोठमोठी माणसं बसली आहेत या खुर्चीत."

त्याने भाग सतराचा तो प्रवेश लावला. चित्र बंद, नुसता आवाज. "कोण पाहिजे?" थांबवलं. पुन्हा. "कोण पाहिजे?"

"काल हेच ऐकलं मी," तो म्हणाला. "'कोण' लांबवून, 'पाहिजे' तोडून. समोरच्याने दारातून परत जावं असं."

मी सांगितलं की वयाबरोबर आवाजाची पट्टी खाली येते, चाळीसेक वर्षांनंतर तुलना ग्राह्य धरता येत नाही, आणि फोनवर वरच्या लहरी कापल्या जातात. तो म्हणाला, "पट्टी खाली येते. शब्द फेकायची तऱ्हा कुठे जात नाही." मग त्याने चित्र सुरू केलं.

मुलगी कानाची पाळी ओढत होती.

मी प्रवेश मागे घेऊन पुन्हा पाहिला, किती वेळा ते मोजलं नाही. कानसेनने पाणी आणून दिलं आणि या वेळी थट्टा केली नाही, त्याबद्दल बरं वाटलं.

७ तारखेची माझी नोंद आत्ता वाचली. ११ ची. १३ ची. मी सगळं बरोबर लिहिलं आहे. त्यात एकही चूक नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे.

रात्री.

आत्या चष्म्याच्या काड्या घट्ट करत बसली होती. मी समोर बसले. सरळ विचारलं.

"आत्या, भाग सतराच्या दुपारच्या फेरीत तू होतीस?"

"होते."

"कधी सांगितलं नाहीस."

"कधी विचारलं नाहीस."

"फोटो समोर होता तेव्हा तरी!"

"तू ओळखलं नाहीस तर मी कशाला सांगू? म्हटलं, चला, म्हातारी झाले एकदाची नीट." तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "इंजिनियर म्हणे. दोन आठवडे माझा फोटो घेऊन गावभर फिरलीस आणि रोज माझ्यासमोर बसून जेवलीस. उद्या ये दुकानात, डोळे तपासते. फुकट."

मला हसावं की काय करावं ते कळेना. मग मी २९ तारखेचं आणि सहीचं सांगितलं. तिचा चेहरा मिटला.

"नाही."

"अगं पण..."

"नाही म्हणजे नाही. फेकून द्या ती." ती हळू बोलत होती. "तेव्हा मधे कापायची सोय नव्हती. एकाचं चुकलं की सगळ्यांची मेहनत पाण्यात. सकाळपासून तीनदा बजावलं होतं मला, काय वाटेल ते कर, हसू नकोस. घरच्यांना चोरून गेले होते मी, तुझ्या आजोबांना शिवणाच्या क्लासला जाते सांगून. आणि नेमकी हसले. हसून झाल्यावर कोणी एक शब्द बोललं नाही माझ्याशी. सगळे बाजूने जात होते. समजायचं ते समजले मी."

"आत्या, ते तसं नव्हतं. दुसऱ्या ट्रॅकवर..."

"चष्मा राहिला तिथेच. घरी सांगितलं, पडला. आणि मग दर आठवड्याला तो त्या बाईच्या नाकावर बघायचा! माझा चष्मा, सगळ्यांच्या घरात. परत मागायला कुठल्या तोंडाने जाणार?" ती उठली. "गाडून टाकलं होतं मी. तू भट्टीत घालून परत काढलंस. दिवा बंद कर जाताना."

२३ मार्च, शनिवार

दोनदा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणाली, कानात थेंब घातलेत, ऐकू येत नाही. तिच्या हातात डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती. दुसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात "आत्या, दिग्दर्शक म्हणाला होता की" एवढं म्हटलं आणि तिने मिक्सर लावला. मिक्सरमध्ये काही नव्हतं.

मला समजावून सांगणं जमत नाही. सांगायचं तेवढं सांगून मी थांबते, आणि लोकांना वाटतं संपलं.

२५ मार्च, सोमवार

कानसेन म्हणाला, एक नक्कल गुपचूप काढून ठेवू, कोणाला कळणार आहे. माझ्या तोंडून हो निघणार होतं. पण तिने फेका म्हटलं आहे, आणि चेहरा तिचा आहे. तिच्या पाठीमागे ठेवायची तर मग सह्या घ्यायच्याच कशाला?

"मग तिला टेप ऐकव," तो म्हणाला.

"ऐकत नाही."

"तू नीट सांगत नाहीस."

"मी दोनदा सांगितलं."

"तू दोनदा सुरुवात केलीस," तो म्हणाला. "तुझी सुरुवात पण शेवटासारखी वाटते गं. दोन वर्षं झाली, मला विचार."

काय विचारू ते त्याने सांगितलं नाही. साहेब आत आले आणि शुक्रवारच्या समितीपुढे जादा टेपांचा ढीग दोन हात कमी दिसला पाहिजे म्हणाले. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, "त्या दुपारी प्रेक्षकांत माझी आई होती. घरी येऊन आठवडाभर ते वाटीचं वाक्य म्हणायची. प्रसारण झालं त्यात वाक्यच नाही. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं." मग म्हणाले, "जागा करता येईल. पण सही लागेल."

२६ मार्च, मंगळवार

बोलून होत नाही, तर लिहून. आत्या सकाळी चहाच्या आधी फ्रिज उघडते, म्हणून चिठ्ठी दुधाच्या पिशवीखाली ठेवणार आहे. दुसऱ्या ट्रॅकवरचं सगळं बोलणं वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून सोबत जोडलं आहे, म्हणजे चष्मा सापडत नाही असं म्हणता येणार नाही. चिठ्ठी चार वेळा लिहिली. पहिल्या तीन अहवालासारख्या झाल्या. ही चौथी, जशी ठेवते आहे तशी:

आत्या,

मिक्सर लावू नकोस, हे वाचायचं आहे.

त्या दुपारी तुझ्याशी कोणी बोललं नाही, हे खरं आहे. पण सगळे काचेपलीकडे तुझ्याबद्दलच बोलत होते. ते शब्द सोबतच्या कागदावर आहेत. मी त्यात एक अक्षर घातलेलं नाही आणि गाळलेलं नाही. तुला ठाऊक आहे, मला घालता येत नाही. काही वाया गेलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना तूच हवी होतीस. ते तुला हाक मारणार होते आणि त्यांना तुझं नाव माहीत नव्हतं, एवढंच झालं.

मी ती टेप कामासाठी जितक्या वेळा बघायला हवी त्याहून बरीच जास्त वेळा बघितली आहे. तू आहेस हे कळायच्या आधीपासून. कारण तू त्यात फार छान हसतेस, आणि मला एरवी कोणाचं हसणं असं पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत नाही. हे तोंडावर सांगता आलं नसतं.

सही करायलाच हवी असं नाही. नाही म्हणालीस तर शुक्रवारी टेप मी स्वतः रद्दीत देईन, सर्व्हरवरची नक्कल पुसेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. कोणाला तुझं नाव कळणार नाही. कानसेनला कळलं आहे, पण तो गप्प राहील. मी सांगितलं तर राहतो तो.

पण ठरवायच्या आधी एकदा येऊन ऐक. डेक लावून ठेवते. खोलीत फक्त मी असेन.

गुरुवारी, २८ तारखेला, दुकान बंद करून घरी येशील तोपर्यंत हो किंवा नाही एवढं कळव.